रुग्णाचा जोर

सोमवार, ४ मार्च

हे डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पाहवत नाही, म्हणून पाहत नाही.

कोणतीही वस्तू दुरुस्तीला आली की मी प्रथम तिच्या अवस्थेची नोंद करते. तीच शिस्त इथेही पाळते. वस्तू: माझा उजवा हात. वय: अठ्ठावन्न वर्षे. अवस्था: सहा आठवड्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे खांद्यापासून खाली लुळा. बोटे तळव्याकडे वळलेली. स्पर्शाची जाणीव अर्धवट. पाय काठीच्या आधाराने चालतो. बोलणे शाबूत.

शेवटच्या बाबीवर धाकट्या बहिणीचे मत असे: "जीभ तेवढी वाचली गं ताई तुझी. आजाराला पण तिची भीती वाटली असणार." ती माझ्याकडे राहायला आली आहे. येऊ नकोस असे मी स्पष्ट सांगितले होते.

एकतीस वर्षे मी संग्रहालयात जुन्या कागदांची डागडुजी करते आहे. टेबलावर सध्या औषधी वनस्पतींची एक हस्तलिखित वही आहे. एकूण दोनशे बारा पाने. एकशे ऐंशी मी पूर्ण केली, बत्तीस उरली. त्या वहीत दोन माणसांचे काम दिसता कामा नये. संचालक मेअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत; तोवर हात परतला नाही तर उरलेली पाने शिकाऊकडे जातील. शिकाऊ माझ्या हाताखाली सहा वर्षे आहे. मी तिला अजून शिकाऊच म्हणते आणि त्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही.

आज रुग्णालयात यंत्रावर पहिले सत्र झाले. बारा आठवडे मिळतील. पुढे ती वेळ यादीतल्या दुसऱ्या रुग्णाची.

बुधवार, ६ मार्च

यंत्राचे वर्णन. टेबलाएवढे, पांढरे. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका पन्हळीत ठेवून पट्ट्यांनी बांधतात, बोटे कड्यांत अडकवतात. समोरच्या पडद्यावर वळणदार वाट दिसते. हाताने तिच्यावरून एक ठिपका न्यायचा. हात कमी पडला की यंत्राची भुजा तो पुढे नेते. शेवटी पडद्यावर दोन आकडे येतात. वर ठळक अक्षरांत 'अचूकता'. खाली बारीक अक्षरांत 'रुग्णाचा जोर'.

फिजिओथेरपिस्ट पिवळेजर्द बूट घालतो. मनात मी त्याला पिवळे बूट असेच म्हणते. त्याने समजावून सांगितले:

"मॅडम, हे शिकतं बरं का. तुम्ही कुठे अडता, कुठे सोडता, सगळं बघून ठेवतं. तुम्ही जेवढं कराल तेवढं ते मागे सरतं. तुम्ही सोडाल तेवढं ते उचलतं."

"म्हणजे अदबशीर आहे," मी म्हणाले.

"अदबशीर आहे, पण भोळं आहे हो. कोणी आयतं मागितलं की देऊन टाकतं."

आजचे आकडे: अचूकता तेवीस. जोर एकेचाळीस. ठिपका दारुड्यासारखा वाटेच्या दोन्ही अंगांना झेलपाटत होता. यंत्राने बाईच्या गोड आवाजात "छान प्रयत्न!" म्हटले. तेवीसला छान म्हणणाऱ्या परीक्षकावर मी विश्वास ठेवत नाही.

मंगळवार, १२ मार्च

अचूकता सव्वीस. आज मी विचारले की पडद्यावरची वाट एवढी रुंद का. चार सेंटिमीटरचा पट्टा! माझ्या टेबलावर अर्ध्या मिलिमीटरला चूक म्हणतात.

पिवळे बूट म्हणाला, "मुद्दाम ठेवलीय. हाताला जरा चुकू द्या ना मॅडम. चुकला की तो स्वतः सावरायला बघतो, आणि तेच तर हवंय आपल्याला."

"चुकायला मी घरी बसले असते. इथे दुरुस्तीला आले आहे."

तो हसला. मला ते आवडले नाही.

शुक्रवार, १५ मार्च

विभागप्रमुखांना पत्र लिहिले. मजकूर माझा, अक्षर धाकटीचे. मागणी एवढीच की वाट दोन मिलिमीटरची करावी आणि चुकीची मुभा काढून घ्यावी. धाकटी लिहिता लिहिता थांबली.

"ताई, तो पोरगा बरा आहे गं. तुझ्याशी नीट बोलतो. तुझ्याशी!"

"मी त्याच्या स्वभावाविषयी लिहिलेले नाही."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि पुढचे वाक्य लिहू लागली. 'रुग्णालय'मधला 'णा' तिने 'ना' लिहिला. मी पान पुन्हा लिहायला लावले.

बुधवार, २० मार्च

मागणी मान्य झाली. पिवळे बूट दुसऱ्या कक्षात गेला. त्याच्या जागी एक बाई आली आहे. कशालाही "हो, हो" म्हणते. पट्ट्या व्यवस्थित बांधते, बटण दाबते आणि मोबाइल पाहते. मला अशीच माणसे कामाला बरी वाटतात.

वाट आता केसासारखी अरुंद आहे. हात तसूभर ढळला की भुजा त्याला तत्काळ जागेवर आणते. अचूकता एकसष्ट!

रविवार, २४ मार्च

शिकाऊ भेटायला आली. दर रविवारी येते. दर वेळी एखादा प्रश्न घेऊन येते, आणि तो तिला सहा वर्षांत कळला नसेल तर कधीच कळणार नाही असा असतो. आज विचारले की खळ किती पातळ हवी. मी अर्धा तास सांगितले. गहू किती वेळ भिजवायचा, सत्त्व किती वेळा गाळायचे, बोटाला कशी लागली की समजायचे. तिने वहीत टिपून घेतले. निघताना धाकटीला दारात म्हणाली, "आज मॅडम जरा बऱ्या वाटल्या ना?"

खळीचा आणि माझ्या बऱ्या वाटण्याचा काय संबंध?

एकदा मी तिचे आठवड्याचे काम पाण्यात सोडून उकलले होते. कागदाच्या तंतूंची दिशा उलटी होती म्हणून. ती वनस्पतींच्या वहीसाठी टपून बसली आहे, हे मला दिसते.

मंगळवार, २ एप्रिल

अचूकता एकोणऐंशी. जोर सतरा.

आज एक गोष्ट ध्यानात आली. मी ठिपक्याला ढकलायला गेले की तो वाटेवरून ढळतो. हात सैल सोडला, फुलावर ठेवावा तसा ठेवला, की तो सरळ जातो. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवे होते. माझ्या कामाचे सारच यात आहे. ओल्या कागदावर ब्रशचे वजन पडता कामा नये. नवशिका जोर लावतो. कसबी हात लावत नाही. शिकाऊला मी सहा वर्षे एकच वाक्य सांगते आहे, "दाबू नकोस."

खालचा आकडा उतरतो आहे. उतरायलाच हवा.

मंगळवार, ९ एप्रिल

अचूकता अठ्ठ्याऐंशी, जोर नऊ. यंत्र म्हणाले, "अप्रतिम!" आता ते उगीच बोलत नाही असे वाटते.

मार्गिकेत पिवळे बूट भेटला. माझ्या हातातला आकड्यांचा कागद पाहिला आणि चालता चालता थांबला.

"मॅडम, खालचा आकडा बघताय ना?"

"पाहते. नऊवर आणला आहे."

"आणलाय?" तो म्हणाला. मग पुन्हा, "आणलाय?" त्याला बोलायचे होते, पण पलीकडून कोणीतरी हाक मारली. मत्सर माणसाला नीट वाक्यही पूर्ण करू देत नाही.

रविवार, १४ एप्रिल

धाकटीने माझे केस धुतले. ती कपडे पिळते तशीच डोके चोळते. मी तसे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग स्वतः धू." नंतर तिने टॉवेल माझ्या डोक्यावर टाकून गॅलरीत जाऊन फोन केला. काच बंद नव्हती. "बसायला लागली? आधाराशिवाय?... नाही रे, नको पाठवू व्हिडिओ, मी आले की बघेन. मी येईपर्यंत धावायला लागेल कार्टी."

कोणाविषयी ते विचारले नाही. तिचे डोळे लाल होते. साबण गेला असेल.

शर्टाचे बटण आजही उजव्या हाताला लागले नाही. चमचा धरवत नाही. अचूकता ब्याण्णव असताना हे कसे, हे परवा यंत्रावरच्या बाईंना विचारले. "हो, हो, होईल," म्हणाल्या.

शुक्रवार, २६ एप्रिल

आठव्या आठवड्याची चाचणी झाली. नियम असा की उपचार करणाऱ्याने चाचणी घ्यायची नाही. त्यामुळे पिवळे बूट आला.

मी तयारीने गेले होते. काल अचूकता शहाण्णव आली होती. जोर तीन. त्याने हात बांधला, वाट रुंद केली, चार सेंटिमीटर. मी हसून म्हणाले, "एवढी नको आहे मला." तो हसला नाही. त्याने एक कळ फिरवली.

"यंत्राची मदत आता शून्य आहे. सावकाश न्या."

मी हात फुलासारखा ठेवला. ठिपका हलला नाही.

मला वाटले पडदा अडकला आहे. तसे म्हणालेही. त्याने डाव्या हाताच्या बोटाने माझे मनगट हलकेच ढकलले, ठिपका सरकला. पडदा ठीक होता. मी पुन्हा प्रयत्न केला. खांद्यातून, दातांतून, पाठीतून. कानशिलातून घाम आला. ठिपका होता तिथेच होता. चार मिनिटांनी यंत्र म्हणाले, "छान प्रयत्न!"

धाकटी माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "त्याचा आवाज बंद करा हो आधी."

पिवळे बूट माझ्यासमोर स्टुलावर बसला. "मॅडम, गेले पाच आठवडे यंत्र वाट काढत होतं. तुम्ही हात नुसता ठेवला होता. शहाण्णव आले ते त्याचे. तुमचे तीन."

मी सांगितले की कसबी हात जोर लावत नाही.

त्याने माझ्या हाताच्या पट्ट्या सोडल्या. मग म्हणाला, "बरोबर आहे. पण ज्याच्यात जोर आहे त्याने तो आवरायचा ना. इथे आवरायला आधी यायला तर पाहिजे."

गुरुवार, २ मे

पाच दिवस लिहिले नाही.

यंत्राने काहीही चुकीचे केले नाही. ते शिकणारे होते. मी त्याला रोज एक तास एकच गोष्ट शिकवली: ही बाई काही करणार नाही, तेव्हा सगळे तूच कर. आजवर माझे इतके ऐकणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

डॉक्टर म्हणतात की पहिल्या काही महिन्यांत मेंदू सर्वांत जास्त शिकतो. त्यातला सव्वा महिना मी केसाएवढ्या वाटेवर घालवला. पत्र लिहून घालवला. मजकूर माझा.

शुक्रवार, ३ मे

सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून हाताकडे पाहिले. तो टेबलावर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता. डाव्या हाताने उचलून तो टेबलाच्या कडेवर आपटला. तीन वेळा. फारसे दुखलेही नाही, आणि त्याचाच राग आला.

धाकटी धावत आली. मला वाटले ओरडेल. तिने फक्त तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि ओल्या फडक्याने पुसत बसली.

"कापून टाकायला सांग त्यांना," मी म्हणाले.

"सांगते हं. मग मला काय पुसायला ठेवशील?"

मग थोड्या वेळाने: "त्या पोराला बोलाव ताई. माफी माग असं म्हणत नाहीये. नुसतं 'या' म्हण."

एकतीस वर्षांत मी कोणालाही परत बोलावलेले नाही. लोक माझ्या टेबलापासून उठून गेले की गेले.

सोमवार, ६ मे

म्हणाले. 'या' हे एक अक्षरही नीट आले नाही. तो म्हणाला, "बरं. बूट चालतील ना हेच?"

मंगळवार, १४ मे

वाट चार सेंटिमीटर. यंत्राची मदत इतकी कमी की ते मला जवळजवळ सोडून देते. पिवळे बूट म्हणतो की आधी ते माझे लाड करायचे, आता त्याला विसरायला लावले आहे.

अचूकता अकरा. मग नऊ. मग पुन्हा अकरा. जोर बावीस. ठिपका बोटभर जातो आणि वाटेबाहेर कोलमडतो. मला ते पाहताना शारीरिक किळस येते. शिकाऊच्या हातून असे झाले असते तर मी तिला घरी पाठवले असते. पाठवलेही आहे.

घरी धाकटी ओला रुमाल पिळायला देते. मुठीत कोंबते आणि म्हणते, "पीळ. माझं डोकं समज." आज वाटीत तीन थेंब पडले. तिने ते खिडकीतल्या कुंडीत ओतले. एवढ्याने झाडाचे काय होणार, असे मी म्हणाले. ती म्हणाली, "तुला कुठे झाडाचं पडलंय!"

शुक्रवार, २४ मे

शेवटचे सत्र, शेवटची चाचणी; नियमाप्रमाणे या वेळी ती 'हो, हो' बाईंनी घेतली, पिवळे बूट बाजूला उभा. मदत शून्य. ठिपका तीन सेंटिमीटर गेला, डावीकडे वळला, थरथरला आणि थांबला. पूर्ण वाट अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची आहे.

पिवळे बूट म्हणाला, "ही अख्खी तुमची." रेषेचा कागद काढून दिला. माझ्या नजरेखालून गेलेल्या सर्व रेषांत इतकी वाईट रेषा दुसरी नाही. घडी न घालता घरी आणली.

हाताला ब्रश धरता येत नाही. येत्या वर्षात येईल की नाही, कोणी सांगत नाही. सोमवारपासून यंत्रावर दुसरा रुग्ण. संचालकांना दुपारी फोन केला; वाट पाहायला लावणे बरे दिसले नसते. ते म्हणाले, "आम्हाला खूप वाईट वाटतंय." मी म्हणाले, पान एकशे एक्क्याऐंशीला उजव्या कोपऱ्यात कीड लागलेली आहे, तिथे हिरवा रंग सुटतो, तो आधी पक्का करून घ्यावा. त्यानंतर मला बोलता आले नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जीभ गेली.

सोमवार, २७ मे

धाकटीला विचारले, "नात कितव्या महिन्यात आहे?"

ती भांडी घासत होती. वळली नाही. "नववा लागला."

"तू जा."

"तू बटण लाव एक. मग जाते."

शुक्रवार, ३१ मे

शिकाऊचा सकाळी फोन आला. "मॅडम, कार्यशाळेत याल का? मला एकशे एक्क्याऐंशी जमत नाहीये."

जमत नव्हते हे खोटे होते. मी गेले तेव्हा पान ओले करून काचेवर पसरलेले होते, हिरवा रंग पक्का केलेला होता, तलम कागदाची पट्टी कापून तयार होती, तंतूंची दिशा बरोबर. खळ मी बोटाला लावून पाहिली, डाव्या. दोष काढण्यासारखे काही नव्हते. तरी मी काढले: दिवा दोन इंच डावीकडे हवा होता.

तिने तो सरकवला. पट्टी लावली. टिपकागद वर ठेवला. मग म्हणाली, "वजनं सगळी पलीकडच्या पानांवर आहेत. तुम्ही हात ठेवता जरा? उजवा."

वजने कपाटात आहेत. बारा आहेत. मीच करवून घेतली आहेत.

मी डाव्या हाताने उजवा उचलला आणि टिपकागदावर ठेवला. एकतीस वर्षे ज्याचे वजन कधी कागदाला कळू दिले नाही, तो हात आता त्याच्यावर निव्वळ ओझे म्हणून पडला होता. शिकाऊ दुसरी पट्टी कापायला वळली. मी रडले नाही हे नोंदवून ठेवते. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. ओलावा टिपकागदातून वर आला आणि तळव्याला गार लागला. लागला, म्हणजे मला समजला. आणि तर्जनी आपोआप आत ओढली गेली.

टिपकागद सरकला. शिकाऊने तो उचलून पाहिले. पट्टी उजवीकडे गेली होती.

"अर्धा मिलिमीटर," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. मला वाटले घाबरली. "मॅडम, तुम्ही हललात."

"उकल ती," मी म्हणाले. "अजून ओली आहे. उकल आणि पुन्हा लाव. दाबायचं नाही."

तिने उकलली. दुसरी पट्टी लावली. मी हात पुन्हा ठेवला. या वेळी तो निमूट राहिला, आणि मी त्याला हलवू पाहत होते तरी राहिला.

प्रत्येक पानाचा नोंदतक्ता असतो. तो मी स्वतः भरला, डाव्या हाताने, आणि या वेळी अक्षर पाहिले. वाचता येते. तिथे लिहिले तेच इथे उतरवून ठेवते.

पान १८१. काम करणारी व्यक्ती: या रकान्यात शिकाऊचे नाव, पूर्ण, आडनावासह. साहाय्य: हा रकाना मी आजवर रेघ ओढून रिकामा सोडत आले, तिथे माझे नाव. दोष: पहिली पट्टी अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकली, काढून दुसरी लावली. दोषाचे कारण: साहाय्यकाच्या उजव्या हाताचा जोर.